पिवळ्या गवताची बाजू

आमच्या सोसायटीच्या मधोमध सहा हजार चौरस फुटांची हिरवळ आहे आणि तिच्या चार कोपऱ्यांत चार पाट्या आहेत: 'हिरवळीवर चालू नये'. क्लब हाउसच्या बाजूला पाचवी पाटी आहे, ती जरा सविस्तर: 'हिरवळीवर बसणे, खेळणे व पाळीव प्राणी आणण्यास सक्त मनाई आहे'. गवतावर करण्यासारखं मग उरतं तरी काय, म्हणून एका रविवारी मी पाचही पाट्या वाचत एक चक्कर मारली. उरतं ते एवढंच, की पाचव्या मजल्यावरच्या बाल्कनीत चहा पिताना खाली बघायचं. तेही उन्हाळ्यातच. पावसाळ्यात खाली बघायची गरज पडत नाही, समोरचा डोंगरच हिरवा असतो.

डिसेंबरात तो डोंगर पिवळा पडतो, मार्चपर्यंत तपकिरी होतो. त्याला कोणी पाणी घालत नाही आणि त्याबद्दल कोणाची तक्रारही नसते. खालच्या सहा हजार फुटांवर मात्र एक पिवळा ठिपका दिसला की सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो येतो, खाली लाल बाणासकट. 'मेंटेनन्स कशाचा घेता?' मग माळ्याला बोलावणं, मग पाइप, मग टँकर.

मला गवताबद्दल तक्रार नाही. त्याला उन्हाळ्यात गवतासारखं वागू देत नाहीत, याबद्दल आहे. आणि हा प्रश्न एका सोसायटीच्या हौसेपुरता राहिलेला नाही, असं मला वाटतं. पुण्याच्या कडेकडेने, नाशिकात, छत्रपती संभाजीनगरात, नवी मुंबईच्या टेकड्यांखाली गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जी संकुलं उभी राहिली, त्यांच्या माहितीपत्रकातलं पहिलं चित्र हिरवळीचंच असतं. बंगल्यांचं तेच, फार्महाउसचं तेच, मंगल कार्यालयांनी तर स्वतःचं नावच 'लॉन्स' करून टाकलं. हे सगळं गवत पाणी पितं, आणि ते पाणी कुठून तरी उचललेलं असतं.

आधी एक गैरसमज बाजूला करू. 'आपल्याकडे पाऊस कमी, म्हणून लॉन परवडत नाही' असं म्हणतात, ते खरं नाही. लंडनला वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्याला ७०० च्या वर. पुण्यात पाऊस लंडनपेक्षा जास्त आहे! फरक आहे तो पडण्याच्या रीतीत. लंडनचा पाऊस बाराही महिने चिमूटचिमूट पडतो आणि ऊन बेताचं असतं. आपला जूनमध्ये येतो, बहुतेक सगळा सप्टेंबरअखेर उरकून घेतो, आणि पुढचे सात-आठ महिने आकाश कोरडं. त्यात मार्चपासून ऊन जमिनीतला ओलावा ओढून नेतं. इंग्लंडात हिरवळ ही हवेची देणगी आहे, तिथे ती न राखणंच अवघड. इथे ती दररोज विकत घ्यावी लागते.

तिथेही ती सुरुवातीला साधी गोष्ट नव्हतीच. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंड-फ्रान्सच्या सरदारांनी वाड्यांपुढे मैलभर गवत राखलं ते मुळात एक गोष्ट दाखवायला: माझ्याकडे इतकी जमीन आहे की तिच्यात काही पिकवलं नाही तरी माझं अडत नाही. ते गवत माणसं विळ्या-कोयत्यांनी कापत किंवा मेंढ्या चरून सारखं करत. १८३० साली ग्लॉस्टरशायरमधल्या एडविन बडिंग नावाच्या कारागिराने गवत कापायचं यंत्र बनवलं. कल्पना त्याला सुचली कापडगिरणीतून. लोकरी कापडावरची लव कातरून ते गुळगुळीत करणारं एक यंत्र असे, तेच त्याने जमिनीवर फिरवलं. तेव्हापासून सरदारी हिरवळ मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. आपल्याकडे ती आली छावणीतून. कँपातले बंगले, जिमखाने, सिव्हिल लाइन्स, साहेबाच्या बंगल्यापुढचं गवत आणि त्यावर टाकलेल्या वेताच्या खुर्च्या. साहेब गेला, खुर्च्या प्लास्टिकच्या झाल्या, गवत राहिलं.

आता थोडा हिशेब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. एप्रिल-मे मधल्या पुण्याच्या उन्हात हिरवं राहायचं तर गवताला दिवसाला पाच मिलिमीटर तरी लागतं, म्हणजे चौरस मीटरला पाच लिटर. हा आकडा मी हात राखून धरला आहे. भर दुपारी पाइप सोडून माळी जेवायला गेला की प्रत्यक्षात किती जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमची सहा हजार चौरस फूट म्हणजे सुमारे ५५७ चौरस मीटर. दिवसाला पावणेतीन हजार लिटरच्या वर. शहरातल्या माणसाला रोज १३५ लिटर पाणी मिळावं, असा आपल्याकडचा सरकारी मापदंड आहे. म्हणजे आमच्या हिरवळीत वीस माणसं राहतात. ती मेंटेनन्स देत नाहीत, पण टँकरचं पाणी रोज पितात.

फेब्रुवारी ते मे असे चार महिने हिरवळ हिरवी ठेवायची तर सव्वातीन लाख लिटरच्या वर पाणी जातं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली होती, तिच्या पहिल्या फेरीत पाच लाख लिटर पाणी होतं. आख्ख्या राज्याने ती गाडी टीव्हीवर बघितली. तिच्या दोन तृतीयांश पाणी एका मध्यम सोसायटीचं शोभेचं गवत उन्हाळ्याभरात पिऊन टाकतं, आणि ते कुठल्याच टीव्हीवर दिसत नाही.

त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयात गवताचा खटला चालला होता. आयपीएलच्या मैदानांना दुष्काळात पाणी द्यायचं का, असा प्रश्न होता, आणि न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितलं. तेव्हा चहाच्या टपरीवरसुद्धा लोक मैदानाला किती लिटर लागतात याची चर्चा करत होते. बरं झालं, असंच बहुतेकांचं मत होतं. माझंही होतं. ते मत देताना मी ज्या खिडकीत बसले होते तिच्याखाली स्प्रिंकलर फिरत होता, हे मात्र मला बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं. क्रिकेटच्या मैदानावर निदान कोणीतरी खेळतं तरी.

दर पंधरा-वीस दिवसांनी आमच्याकडे खुरपणीला तीन-चार बायका येतात. ठेकेदाराची टेंपो गाडी त्यांना गेटवर सोडते. ओळीने उकिडवं बसून, पदर डोक्यावर ओढून त्या गवतातलं गवत काढतात. लव्हाळा, आंबुटी, कुठे चुकार दुधी. एकीला मी पाणी दिलं तेव्हा गप्पा निघाल्या. जालन्याकडची. घरची दोन एकर कोरडवाहू.

"हे कोणतं गवत ठेवायचं अन् कोणतं काढायचं, कसं ओळखता?" मी विचारलं.

ती हसली. "आवं ताई, ही हरळीच हाय की. गावाकडं कापसातली हरळी काढू काढू आमचे हात गेले. हितं हरळी ठेवायची अन् बाकीचं काढायचं."

मी खाली वाकून बघितलं. तिचं अगदी बरोबर होतं. नर्सरीवाले ज्याला 'सिलेक्शन वन' म्हणतात, ज्याचे ठोंब आम्ही पोत्यांच्या हिशेबाने विकत घेतले, ती हरळीचीच निवडक जात आहे. गणपतीला वाहतो ती दूर्वा, शेतकरी जिला शिव्या घालतो ती हरळी. काळ्या रानात एकदा घुसली की नांगराला हार जात नाही, मुळ्या हातभर खाली. तिला मारायचं कसं, या चिंतेत शेतकऱ्यांच्या पिढ्या गेल्या. आणि आम्ही तिला जगवायचं कसं या चिंतेत टँकर मागवतो.

इथेच माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. हरळी मरत नसते. पाणी तोडलं की ती वरून वाळते, पिवळी होते, जमिनीखालच्या खोडात जीव धरून बसते, आणि पहिले दोन वळीव झाले की आठवड्याभरात वर येते. कोणत्याही गावच्या बांधावर हे दर जूनला बघायला मिळतं. आपल्या माळरानांवरची गवतंही असंच जगतात. पवना, मारवेल, कुसळी ही श्रावणात गुडघ्याएवढी होतात, दिवाळीत सोनेरी पडतात, उन्हाळ्यात नुसते बुडखे राहतात. त्यांच्यावर महाराष्ट्रातल्या धनगरांच्या मेंढ्या जगल्या, माळढोक जगला. सरकारी कागदांनी अशा जमिनीला 'पडीक' ठरवलं, कारण साहेबाच्या डोळ्याला हिरवं तेवढंच जिवंत दिसायचं. तो डोळा आपण अजून काढून ठेवलेला नाही. हिरवळ हा आपल्या भाषेत श्रावणातला शब्द आहे. आम्ही तो मे महिन्याला लावला आणि त्याचं बिल भरत बसलो.

यावर जी उत्तरं येतात ती मला तोंडपाठ आहेत, कारण दोन वर्षं मी कमिटीत होते आणि त्यातली काही मी स्वतःच दिली आहेत.

पहिलं उत्तर: आम्ही पिण्याचं पाणी वापरतच नाही, एसटीपीचं वापरतो. सांडपाणी शुद्ध करून तेच बागेला. हे खरोखर होत असेल तिथे माझा अर्धा आक्षेप मागे. पण किती ठिकाणी होतं? मोठ्या संकुलांना प्रकल्प उभारावाच लागतो, म्हणून बिल्डर उभारून देतो. मग ताबा सोसायटीकडे येतो, आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षी सांडपाण्यात हवा सोडणाऱ्या ब्लोअरचं वीजबिल बघून कमिटीचे डोळे पांढरे होतात. आमच्याकडे तो दिवसातून दोन तास चालायचा, तोही तपासणी असेल तेव्हा. बाहेर येणाऱ्या पाण्याला असा वास होता की तळमजल्यावरच्या लोकांनी लेखी तक्रार केली, आणि हिरवळीची नळी गुपचूप बोअरवेलच्या टाकीला जोडली गेली. शिवाय एसटीपी नीट चालला तरी ते पाणी फुकटचं नाही. तेच फ्लशला वापरलं तर तेवढं ताजं पाणी वाचतं. शुद्ध केलेलं पाणी उरलं आहे म्हणून गवताला घालणं वेगळं आणि गवताला घालायचं आहे म्हणून ते उरलं आहे असं म्हणणं वेगळं.

दुसरं उत्तर: मुलांना खेळायला हिरवळ हवी. अगदी हवी. मग पाट्या काढा. ज्या गवतावर रोज संध्याकाळी तीस पोरं पळतात त्याला पाणी घालायला मी एका पायावर तयार आहे. पण तसं गवत कधीच माहितीपत्रकासारखं दिसत नाही. त्याला मधोमध टक्कल पडतं, गोलपोस्टच्या जागी खड्डा पडतो. आणि खरं सांगायचं तर पोरांना गवत लागतच नाही. आमची पोरं पार्किंगमध्ये खेळतात, हिरवळीवर चेंडू गेला तर वॉचमन काका ओरडायच्या आत चवड्यांवर जाऊन घेऊन येतात.

तिसरं उत्तर गारव्याचं. गवताने गारवा येतो हे खरं, पण एका मोठ्या झाडाची सावली त्याहून कितीतरी जास्त गारवा देते आणि एकदा रुजलेलं कडुनिंबाचं झाड मे महिन्यात कोणाकडे पाणी मागत नाही. झाड का लावत नाहीत, याचं कारण मला एका लँडस्केपवाल्याने कमिटीच्या बैठकीत कागदावर काढून दाखवलं. आमची हिरवळ जमिनीवर नाहीच. तिच्याखाली दोन मजले पार्किंग आहे. स्लॅब, त्यावर वॉटरप्रूफिंग, त्यावर दीड फूट लाल माती, त्यावर गवत. दीड फुटात आंबा लावला तर तो एक तर पडेल किंवा खालच्या मोटारींवर गळती आणेल. तेव्हा हिरवळ ही आमची निवड नव्हती, बिल्डरच्या स्लॅबने केलेली निवड होती. २०१३ साली मुंबईतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की मनोरंजनासाठी सोडायची मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवरची, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवरची, चालणार नाही. त्या निकालात मला मुळांची काळजी दिसते. पाऊस मुरायला आणि झाड रुजायला खाली खरी जमीन लागते.

ती दीड फूट लाल माती कुठून येते, हेही एकदा विचारून बघा. कोणाच्या तरी डोंगरउतारावरून, कोणाच्या तरी रानातून जेसीबीने उपसून. तिथे ती तयार व्हायला शतकं लागलेली असतात. आमच्याकडे ती ट्रक भरभरून आली आणि दर दोन-तीन वर्षांनी हिरवळ 'नवी करताना' आणखी येते. मुळं खाणारी हुमणी अळी लागते म्हणून तिच्यात औषध, पिवळी पडते म्हणून युरिया. औषध मारल्यावर दोन दिवस पट्टी बांधून ठेवतात, तेव्हा सहावी पाटी लागते.

आता मी ज्याला सगळ्यात जास्त भिते त्या गोष्टीकडे येते. 'लॉन नको' असं म्हटलं की आपल्याकडे लोकांना एकच ऐकू येतं: पेव्हर ब्लॉक. तीन वर्षांपूर्वी आमच्या बी विंगच्या मागची हिरवळीची पट्टी पाण्याचा खर्च वाचवायला काढली आणि तिथे पेव्हर ब्लॉक बसवले. खाली सिमेंटचा थर, सांधे पक्के बुजवलेले, सगळं एकदम टापटीप. ठरावाच्या बाजूने माझाही हात वर होता. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात त्या पट्टीवरचं सगळं पाणी उतारावरून थेट लिफ्टच्या खड्ड्यात गेलं. चार दिवस लिफ्ट बंद, आठव्या मजल्यावरच्या आजी चार दिवस घरात. उन्हाळ्यात तीच जागा रात्री नऊपर्यंत तव्यासारखी तापलेली असते. ज्या गवताला मी नावं ठेवत होते त्याने निदान पाणी तरी मुरवलं असतं. प्लास्टिकच्या हिरवळीबद्दल तर बोलायलाच नको. ती दुपारी इतकी तापते की अनवाणी पाय ठेवता येत नाही, तुकडे सुटतात ते गटारात, आणि तिच्यावर एकही किडा येत नाही म्हणून पक्षीही येत नाही. आमच्या खऱ्या हिरवळीवर सकाळी पाणी घातलं की साळुंक्या येतात, कधी हुदहुद येतो आणि लांब चोचीने टोकत फिरतो. त्याच्या शेजारी गेल्या कमिटीने आणलेला सिमेंटचा बगळा एका पायावर उभा असतो. परवा त्याच्या डोक्यावर खरा गायबगळा बसला होता.

मग करायचं काय? या ठिकाणी लेखक मंडळी अंगण, सडा-रांगोळी, तुळशीवृंदावन यांच्या आठवणीत शिरतात. मलाही मोह होतो. पण त्या अंगणाला रोज पहाटे शेण सारवणारी बाई कोण होती आणि तिला ते आवडायचं का, हे कोणी विचारलेलं नव्हतं, तेव्हा मी ते गोडवे गाणार नाही. त्या घरांकडून घेण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे, आणि ती दिसण्याची नाही, पाण्याची आहे. न्हाणीचं पाणी जिथे बाहेर पडे तिथेच अळू, केळ आणि कर्दळ असे. मोरीजवळ गवती चहा. ज्या झाडाला रोज पाणी लागतं ते वापरलेल्या पाण्याच्या वाटेवर, आणि ज्याला लागत नाही ते शेवगा, कढीपत्ता, कण्हेर, प्राजक्त लांब. कोकणातल्या आगरात आणि गोव्याच्या कुळागरात हीच अक्कल मोठ्या प्रमाणावर दिसते. पाटाचं पाणी उताराने फिरतं, वर माड-पोफळी, त्यांच्या सावलीत केळी, त्याखाली मिरीचे वेल आणि हळद. तिथे उघडी जमीन उन्हाला सापडतच नाही. बाग कशी दिसेल हे कोणी आधी कागदावर काढलेलं नसतं. पाणी कुठून जाईल ते ठरलं की बाकीचं आपोआप ठरतं.

आमच्या संकुलात हे जसंच्या तसं होणार नाही. पण स्लॅबवरच्या दीड फुटातही तगर, जास्वंद, अबोली, अडुळसा, गोकर्ण, गवती चहा आरामात होतात, आणि त्यांच्या बुडाशी पालापाचोळ्याचा वीतभर थर घातला की पाणी एक दिवसाआड, पुढे आठवड्यातून दोनदा पुरतं. पालापाचोळा मात्र आपल्याला घाण वाटतो. जानेवारी-फेब्रुवारीत झाडं पानं ढाळतात, आम्ही ती पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत देतो आणि मार्चमध्ये खत विकत आणतो. पुण्यात 'ब्राऊन लीफ' नावाची नागरिकांची चळवळ आहे, ज्यांच्याकडे पानं जास्त आहेत आणि ज्यांना ती हवी आहेत अशांची ती गाठ घालून देते. एवढ्या साध्या गोष्टीला चळवळ लागते!

बाहेरच्या जगाने हा विचार आपल्या आधी केला, कारण त्यांचा आजारही जुना आहे. उपग्रहाच्या चित्रांवरून २००५ साली मोजणी झाली तेव्हा अमेरिकेतली हिरवळ सुमारे एक लाख चौसष्ट हजार चौरस किलोमीटर भरली. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या निम्म्याहून जास्त. त्या देशात पाणी देऊन वाढवलेल्या कोणत्याही पिकापेक्षा गवताचं क्षेत्र मोठं! टेक्सासमध्ये राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला गवत सहा इंचांवर गेलं म्हणून घरमालकांच्या संघाकडून दंडाची नोटीस आली होती, आणि तिने ती मला अभिमानाने पाठवली होती, आपण तिकडचे झालो याचा दाखला म्हणून. पण त्याच देशातल्या नेवाडा राज्याने २०२१ साली कायदा केला, की लास व्हेगास भागात कोलोरॅडो नदीचं पाणी २०२७ च्या सुरुवातीपासून शोभेच्या गवताला मिळणार नाही. रस्त्यांचे दुभाजक, कार्यालयांची आवारं, गृहसंकुलांच्या सामायिक जागा सगळ्या त्यात आल्या. स्वतंत्र घरांना वगळलं, खेळाची मैदानं वगळली. म्हणजे त्यांनी गवत काढलं नाही, पाट्या लावलेलं गवत काढलं. आपल्या शेजारी बंगळूरमध्ये मार्च २०२४ च्या टंचाईत पिण्याचं पाणी बागेला घातलं तर पाच हजार रुपये दंड लागला. पण तो टंचाईपुरता. आपल्याकडेही उन्हाळ्यात महापालिकांची आवाहनं निघतात, पाऊस पडला की ती विसरली जातात. टंचाईत घातलेली बंदी लोकांना शिक्षा वाटते. मला हवी आहे ती रीत, दरवर्षीची, धरण भरलेलं असलं तरीही.

महाराष्ट्राच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत चार हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या जागेवर दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती किती सोडली हे मोजतात. तिथे काय आहे आणि ते मे महिन्यात कशावर जगणार, हे विचारत नाहीत. बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला देताना बागेचा नकाशा मागतात, तर त्याच नकाशावर एक ओळ वाढवा: उन्हाळ्यात रोज किती लिटर, आणि कुठून. बोअरवेलमधून किंवा टँकरमधून असं उत्तर असेल तर नकाशा परत. दहा टक्क्यांतला मोठा हिस्सा खऱ्या जमिनीवर हवा, ज्याच्या खाली पार्किंग नाही. आणि याची सुरुवात महापालिकांनी स्वतःच्या उद्यानांपासून आणि दुभाजकांपासून करावी. ज्यांनी उड्डाणपुलांच्या खांबांवर उभ्या बागा लावल्या आणि वाळू दिल्या, त्यांनी नागरिकांना पाणी वाचवायला सांगितलं तर लोक हसतातच.

घरमालकाचं स्वातंत्र्य, हा आक्षेप उरतो. माझ्या बंगल्यापुढे मी काय लावायचं ते सरकार ठरवणार का? लावा की. कोणतंही गवत लावा, मेक्सिकन लावा, अमेरिकन लावा. तुमच्या छतावरून गोळा केलेल्या आणि तुमच्या मोरीतून निघालेल्या पाण्यावर ते वर्षभर हिरवं ठेवलंत तर मी येऊन बघेन आणि कौतुक करेन. पण बोअरवेल तुमच्या आवारात असली तरी तिचं पाणी तुमच्या कुंपणाशी थांबत नाही. उरुळी कांचन, सोरतापवाडी या पट्ट्यातल्या नर्सरीवाल्यांचा धंदा बुडेल, असंही एकाने मला ऐकवलं. ती माणसं हुशार आहेत. आपण मागितलं म्हणून त्यांनी फॉक्सटेल पाम आणि ड्युरांटा वाढवला, उद्या बकुळ आणि अनंत मागितला तर तेही वाढवतील. किंबहुना मागच्या बाजूला त्यांच्याकडे तो असतोच.

यंदाच्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडला. अर्धी हिरवळ पाट्या काढून मुलांना, उरलेल्या अर्ध्यातली निम्मी फुलझाडांना, आणि राहिलेल्या तुकड्याचं पाणी फेब्रुवारीत तोडायचं, जूनपर्यंत पिवळा राहू द्यायचा. चर्चा पाऊण तास चालली, पार्किंगच्या विषयाला मिळतो त्याहून जास्त वेळ. फ्लॅटची किंमत पडेल, असं एक जण म्हणाले. 'पाहुणे काय म्हणतील' असं दोघी. एका निवृत्त प्राध्यापकांनी विचारलं, की मग आमच्या बाल्कनीतून आम्ही काय बघायचं. मी म्हटलं, डोंगर. हशा झाला, आणि अध्यक्षांनी विषय गणपतीनंतर घेऊ असं सांगितलं, कारण गणपतीत मांडव हिरवळीवरच पडतो आणि दहा दिवसांत ती तशीही जाते.

मांडव पडला. पहिल्या दिवशी आरतीच्या आधी सेक्रेटरींच्या लक्षात आलं की दूर्वा आणायच्या राहिल्या. एका मुलाला स्कूटरवरून मंडईच्या बाजूला पिटाळलं. तो वीस मिनिटांनी पाच जुड्या घेऊन आला, दहा रुपयांना एक. मांडवाच्या बाहेर, दोन पावलांवर, सहा हजार चौरस फूट दूर्वा उभी होती. मी सेक्रेटरींना म्हटलं, इथूनच खुडल्या असत्या की. ते म्हणाले, "नको, मागच्या आठवड्यात औषध मारलंय."